लाईटबिलावरचे आकडे आणि आमचे पाच वर्षे चुकलेले मीटर

२०२२ च्या मे महिन्यात आम्ही दोघे अठरा दिवस घर बंद करून पुतणीच्या लग्नासाठी अकोल्याला गेलो होतो. निघताना मी फ्रिज रिकामा करून, पुसून, त्याचे दार उघडे ठेवले होते आणि दाराजवळचा मेन स्विच स्वतःच्या हाताने बंद केला होता. परत आल्यानंतर जूनच्या पहिल्या आठवड्यात लाईटबिल हाती आले आणि त्यावर २२१ युनिट छापलेले होते, म्हणजे आम्ही महिनाभर घरात असतो तेव्हा येतात जवळजवळ तेवढेच. हे म्हणाले, "सरासरीने लावले असेल." पण बिलावर चालू रीडिंग होते, मागील रीडिंग होते, आणि मीटरचा फोटोही छापलेला होता. सरासरीचे बिल असे दिसत नाही.

मी तीस वर्षे शाळेत गणित शिकवले आहे, त्यामुळे न जुळणारा आकडा मला झोपू देत नाही. तरीही या बिलावरच्या सगळ्या आकड्यांपैकी मी पाच वर्षांत फक्त एकच आकडा नीट वाचला होता, तो म्हणजे भरावयाची रक्कम. बाकीचे बारा अंकी, चार अंकी, तिरप्या रेघांनी तोडलेले क्रमांक हे कार्यालयाच्या सोयीसाठी असतात, आपला त्यांच्याशी संबंध नाही, अशी माझी समजूत होती. या समजुतीची किंमत किती, ते पुढे सांगते.

नाशिकच्या इंदिरानगरमधील आमची इमारत तीन मजल्यांची असून तिच्यात बारा फ्लॅट आहेत, आणि सगळे मीटर जिन्याखाली एका मोठ्या बोर्डावर दोन रांगांत बसवलेले आहेत. आम्ही येथे २०१७ मध्ये राहायला आलो. पहिल्यापासूनच दोन माणसांच्या मानाने बिल जास्त वाटत असे. २०१९ च्या उन्हाळ्यात ते एकाएकी आणखी चढले, तेव्हा मी यांना रात्रभर पंखा पाचवर ठेवण्यावरून बोलले होते. २०२० मध्ये आम्ही जुना फ्रिज काढून पंचतारांकित नवा घेतला, तरी बिल तसूभरही उतरले नाही. याच काळात समोरच्या फ्लॅटमधील वहिनी मला आनंदाने सांगत असत की, एसी घेतल्याला वर्ष झाले, पण बिलात काही फरक पडला नाही, कंपनी चांगली निघाली. मी त्यांच्याकडून त्या कंपनीचे नावही लिहून घेतले होते.

जूनमधल्या त्या बिलानंतर एका संध्याकाळी मी आमच्या घरातला मेन स्विच बंद केला आणि टॉर्च घेऊन जिन्याखाली गेले. बिलावर जो मीटर क्रमांक होता तो मीटर मी शोधून काढला. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लहानसा लाल दिवा असतो; वीज वापरली जात असेल तर तो लुकलुकतो आणि भार वाढला की लुकलुकण्याचा वेग वाढतो. आमच्या घरात पूर्ण काळोख असताना आमच्या नावाच्या मीटरवरचा दिवा मजेत लुकलुकत होता, आणि त्याच्या उजवीकडच्या मीटरचा दिवा मात्र एका जागी थांबलेला होता.

तरीही खात्री करून घ्यावी म्हणून दुसऱ्या दिवशी मी आणखी एक प्रयोग केला. मीटरच्या तोंडावर, काचेच्या आत, एका युनिटला दिवा किती वेळा लुकलुकतो तो आकडा छापलेला असतो. आमच्या इथल्या मीटरवर तो ३२०० आहे. याचा अर्थ १००० वॅटची इस्त्री तासभर चालवली तर दिवा ३२०० वेळा, म्हणजे मिनिटाला सुमारे ५३ वेळा लुकलुकला पाहिजे. घरातले बाकी सगळे बंद ठेवून मी यांना फक्त इस्त्री लावायला सांगितली आणि खाली घड्याळ धरून उभी राहिले. उजवीकडच्या, म्हणजे दुसऱ्याच्या नावाच्या मीटरवर मी मिनिटाला ५१ मोजले. नाशिकच्या व्होल्टेजचा विचार करता उत्तर बरोबरच धरायला हवे. इस्त्री आपोआप बंद होऊन पुन्हा चालू होते, म्हणून मोजणी ती तापायला लागताच केली पाहिजे; पहिल्या खेपेस मी उशीर केला आणि आकडा निम्माच आला होता.

उजवीकडचा मीटर समोरच्या वहिनींचा होता. पाच वर्षे त्यांच्या एसीचे आणि गिझरचे पैसे आम्ही भरत होतो, आणि आमच्या दोन माणसांच्या घराचे त्या.

या ठिकाणी जी गोष्ट मला फार उशिरा समजली, ती थोडी सविस्तर लिहिते. बिलावरचा मीटर क्रमांक आणि मीटरवरचा क्रमांक बरोबर जुळत होते. बिलावरचा फोटोही त्याच मीटरचा होता, त्यातले रीडिंगही खरे होते. रीडिंग घेणाऱ्याने, बिल छापणाऱ्याने काहीच चुकवले नव्हते. वीजपुरवठ्यात तीन गोष्टींची सांगड लागते: कागदावरचा ग्राहक, बोर्डावरचा मीटर आणि मीटरमधून निघून भिंतीतून आपल्या घरापर्यंत जाणारी वायर. पहिल्या दोघांची सांगड कार्यालयाच्या नोंदीत असते आणि ती कोणालाही बिल हातात घेऊन तपासता येते. तिसरी सांगड मात्र कोणत्याही कागदावर नसते. इमारत बांधताना ज्या वायरमनने बारा घरांच्या वायरी खाली आणून मीटरखालच्या बारा कटआऊटना, म्हणजे फ्यूजच्या खोबणींना, जोडल्या, त्याच्या डोक्यात ती त्या दिवशी होती, आणि आमच्या बाबतीत दोन फ्लॅटची अदलाबदल होऊन गेली. समोरासमोरच्या दारांना डावे-उजवे ठरवताना जिन्याकडे तोंड करून उभे राहिले की पाठ करून, एवढ्यावरही ते अवलंबून असते.

त्यानंतर मी बिलावरचे बाकीचे आकडेही बसून समजून घेतले, आणि मला ते बरेच रंजक वाटले.

सगळ्यांत महत्त्वाचा तो बारा अंकी ग्राहक क्रमांक. नाव 'ग्राहक' क्रमांक असले तरी व्यवहारात तो माणसाचा नसून त्या जागेला दिलेल्या वीजजोडणीचा असतो. याचा पुरावा आमच्या माहेरी आहे. पंचवटीत आमचा जुना वाडा आहे, आणि वडिलांनी दाभणाने टोचून, दोऱ्यात ओवून ठेवलेली बिले अजून फडताळात आहेत. त्यांतले २००६ चे बिल आणि गेल्या महिन्याचे बिल शेजारी ठेवले, तर ग्राहक क्रमांक अंकागणिक तोच आहे. या काळात मीटर दोनदा बदलले. फिरत्या चकतीचा काळा मीटर गेला, मग इलेक्ट्रॉनिक आला, तो बिघडल्यावर दुसरा आला. प्रत्येक वेळी मीटर क्रमांक बदलला, ग्राहक क्रमांक मात्र हलला नाही. आणि नाव? नाव अजून आमच्या आजोबांचे आहे, ज्यांना जाऊन पस्तीस वर्षे होऊन गेली. दर महिन्याला त्यांच्या नावाने बिल येते, ते नियमित भरले जाते, आणि वाड्यात आता राहतो तो माझा चुलतभाऊ.

यामुळेच घर विकत घेताना, किंवा भाड्यानेही घेताना, मालकाचे नाव आणि चावी यांच्याइतकाच हा क्रमांकही पाहून घ्यावा असे मला वाटते. थकबाकी असेल तर ती या क्रमांकाला चिकटलेली असते आणि क्रमांक जागेला. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये दिलेल्या एका निर्णयात असे मान्य केले आहे की, नियमांत तशी तरतूद असेल तर आधीच्या मालकाची वीजबाकी जागेच्या नव्या मालकाकडे मागता येते. आपण हात झटकून "ती आधीच्यांची बाकी आहे" असे म्हणू शकू, या भरवशावर कोणी राहू नये.

ग्राहक क्रमांकाच्या जोडीला बिलिंग युनिट नावाचा चार अंकी क्रमांक असतो, ज्याला सगळे बीयू म्हणतात. आपली जोडणी कोणत्या उपविभागाच्या कार्यालयाखाली येते, हे त्यावरून ठरते. महावितरणची रचना परिमंडळ, मंडळ, विभाग, उपविभाग आणि त्याखाली कक्ष किंवा शाखा अशी उतरत जाते, आणि आपल्या रोजच्या कामाचा संबंध बहुतेक वेळा उपविभागापाशी संपतो. महावितरणच्या संकेतस्थळावर बिल पाहताना ग्राहक क्रमांकाबरोबर हा बीयूही विचारला जातो. आमच्या शाळेतल्या एका शिक्षिकेने मोबाइलवरून बिल भरताना ग्राहक क्रमांकातले दोन अंक उलटसुलट टाकले आणि कोणा अनोळखी घराचे बिल भरून मोकळ्या झाल्या. पैसे भरण्यापूर्वी पडद्यावर ग्राहकाचे नाव दिसते, ते वाचायची सवय नसली की असे होते. अर्थात आमच्या वाड्यासारखे बिलावर आजोबांचे नाव असेल तर ते आजोबांचेच आहे ना, एवढे तरी पाहावे.

मीटर क्रमांकाबद्दल एक बारकी गोष्ट. आमच्या बिलावर छापलेला मीटर क्रमांक मीटरच्या पट्टीवर कोरलेल्या क्रमांकापेक्षा लांब आहे, कारण पुढे मीटरच्या बनावटीचे काही अंक जोडलेले आहेत. त्यामुळे दोन्ही जुळवताना शेवटच्या अंकांपासून मागे यावे. मी पहिल्या दिवशी पुढून जुळवायला लागले आणि बाराही मीटर परके वाटले. त्याशिवाय मीटरच्या रांगेतच गुणक अवयव नावाचा एक रकाना असतो, त्यात घरगुती मीटरला साधारणपणे १ असतो. चालू रीडिंगमधून मागील रीडिंग वजा करून आलेल्या फरकाला या अवयवाने गुणले की युनिट मिळतात. घरगुती बिलावर तेथे १ सोडून दुसरे काही दिसले, तर मात्र कारण विचारायला जावे.

चालू रीडिंगच्या जागी कधी आकड्याऐवजी शब्द येतो. मीटर बिघडला असेल तर 'फॉल्टी', घराला किंवा मीटरच्या पेटीला कुलूप असेल तर 'लॉक्ड'. असे बिल सरासरीवर काढलेले असते आणि पुढे खरे रीडिंग मिळाले की त्याची वजाबाकी होते. हे शब्द लागोपाठ दोन-तीन बिलांवर दिसत असतील तर गप्प बसणे महागात पडते, कारण साठलेले युनिट एकदम अंगावर येतात.

यानंतरचा आकडा मला सगळ्यांत आवडतो. बिलावर चक्र, मार्ग, क्रम आणि डीटीसी असे एका ओळीत तिरप्या रेघा देऊन लिहिलेले असते. चक्र म्हणजे महिन्यातल्या कोणत्या गटात आपले रीडिंग घेतले जाते ते. मार्ग आणि क्रम म्हणजे रीडिंग घेणाऱ्याच्या फेरीतला आपला नंबर. एखादा पोस्टमन जसा गल्ली धरून चालतो तशी ही फेरी कागदावर आखलेली असते, त्यामुळे शेजारच्या बिलांवरचे क्रम बहुधा जवळजवळचे असतात. आणि डीटीसी म्हणजे, आपण ज्याला डीपी म्हणतो त्याचा संकेतांक. कोपऱ्यावरच्या दोन खांबांमध्ये बसवलेल्या, जाळीच्या कुंपणातल्या त्या ट्रान्सफॉर्मरला स्वतःचा क्रमांक असतो आणि आपले घर त्यापैकी कोणावर अवलंबून आहे ते बिलावर लिहिलेले असते. "समोरच्यांची आहे, आपलीच गेली," असे आपण गॅलरीत उभे राहून म्हणतो, तेव्हा पुष्कळदा त्याचे कारण एवढेच असते की समोरची रांग दुसऱ्या डीपीवर आहे. आमच्या इमारतीतल्या बाराही बिलांवर एकच संकेतांक आहे. रस्त्यापलीकडच्या मैत्रिणीचे बिल मागून पाहिले, तर तिचा वेगळा निघाला.

लाईट गेल्याची तक्रार फोनवरून १९१२ या क्रमांकावर करताना ग्राहक क्रमांक सांगितला की पत्ता समजावत बसावे लागत नाही, ते याच साखळीमुळे. नाहीतर "मंदिराच्या मागची गल्ली" म्हटले तर इंदिरानगरात मंदिरे काय कमी आहेत? आपला मोबाइल या क्रमांकाशी जोडायचा असेल तर नोंदवायच्या मोबाइलवरून इंग्रजीत 'एमआरईजी' ही चार अक्षरे, मग एक जागा सोडून बारा अंकी ग्राहक क्रमांक, असा संदेश ९९३०३९९३०३ वर पाठवला की काम होते. आमच्या अनेक ओळखीच्या घरांत तो मोबाइल नंबर अजून बिल्डरच्या ऑफिसातल्या कोणाचा तरी आहे.

याच सुमारास, म्हणजे २०२२ मध्येच, "आज रात्री साडेनऊला तुमची वीज तोडण्यात येईल, या नंबरवर संपर्क साधा" असे संदेश घराघरांत येत होते आणि कित्येकांचे बँक खाते त्यापायी रिकामे झाले. यांनाही तो आला होता. तो नीट वाचल्यावर लक्षात आले की त्यात आमचा ग्राहक क्रमांक कुठेच नव्हता, नुसते "प्रिय ग्राहक" होते, आणि पाठवणारा साधा दहा अंकी मोबाइल होता. वीज कायदा, २००३ च्या कलम ५६ नुसार बिल थकले म्हणून वीज तोडायची असेल, तर आधी पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. रात्री साडेनऊची मुदत देणारा माणूस वीजखात्याचा नसतो.

आता थोडे दूरचे. माझा भाचा इंग्लंडमध्ये लेस्टरला राहतो. आमच्या मीटरची हकिकत मी त्याला फोनवर सांगितली, तेव्हा तो हसून म्हणाला, "आत्या, माझेही असेच झाले होते." तो नव्या बांधलेल्या इमारतीत राहायला गेला, आणि बांधकामाच्या वेळचे प्लॉट क्रमांक व नंतर पडलेले टपालाचे घरक्रमांक यांचा घोळ होऊन त्याचे खाते वरच्या मजल्यावरच्या घराच्या जोडणीवर उघडले गेले होते. तिकडे घरगुती ग्राहकांना वीज विकणारी कंपनी स्वतः निवडण्याची मुभा १९९८-९९ पासून आहे, आणि लोक दर पाहून कंपनी बदलतात. आपल्याकडे मुंबईच्या उपनगरांत अदानी की टाटा असा प्रश्न पडतो. नाशिककरांना तो कधी पडलेला नाही. विक्रेता कोणीही असला तरी जोडणी तीच राहते, म्हणून तिकडे जोडणीला विक्रेत्याच्या खातेक्रमांकापेक्षा वेगळा, कायमचा असा तेरा अंकी क्रमांक दिलेला असतो. त्याला एमपॅन म्हणतात आणि बिलावर तो मोठ्या 'एस' अक्षराच्या चौकटीत छापतात. त्यातले पहिले दोन अंक तारा आणि खांब ज्यांच्या ताब्यात आहेत त्या वितरण क्षेत्राचे असतात. लेस्टर ईस्ट मिडलंड्समध्ये मोडते, म्हणून भाच्याचा क्रमांक ११ ने सुरू होतो. लंडनमध्ये असता तर १२ ने झाला असता. गॅससाठी आणखी वेगळा, सहा ते दहा अंकी क्रमांक असतो, आणि भाच्याने मला पहिल्यांदा वाचून दाखवला तो गॅसचाच होता. इतका घोळ सुशिक्षित माणसाकडूनही होतो.

या एमपॅनच्या शेवटच्या अंकाने माझी एक दुपार फार छान घालवली. तो अंक स्वतंत्र नसतो, आधीच्या बारा अंकांवरून काढलेला असतो. त्या बारा अंकांना अनुक्रमे ३, ५, ७, १३, १७, १९, २३, २९, ३१, ३७, ४१ आणि ४३ या मूळ संख्यांनी गुणायचे, सगळ्या गुणाकारांची बेरीज करायची आणि तिला ११ ने भागायचे. बाकी उरेल तोच तेरावा अंक, आणि बाकी १० उरली तर शून्य धरायचा. या यादीत ११ गाळलेला आहे, कारण ११ ने गुणलेल्या अंकाची ११ ने भागल्यावर बाकी शून्यच येते आणि तो अंक चुकला तरी कळणार नाही. मी लग्नपत्रिकेच्या पाठकोऱ्या बाजूवर भाच्याचा क्रमांक मांडून हिशेब केला, तर शेवटचा अंक बरोबर आला. मग मुद्दाम मधले दोन शेजारचे अंक उलट करून पाहिले, लगेच बाकी बदलली. आमच्या शिक्षिकेने केलेली चूक अशा ठिकाणी जवळजवळ नेहमीच पकडली जाईल. पण भाच्याची चूक या गणितातून सुटली होती, कारण वरच्या मजल्याचा क्रमांकही आपल्या जागी अस्सलच होता. शेवटी त्यालाही बिल हातात घेऊन मीटरच्या कपाटापर्यंत जावे लागले, आणि मीटरवरचा क्रमांक बिलाशी जुळत नाही हे डोळ्यांनी पाहावे लागले. त्याचे एक बरे की, त्याचा घोळ कागदावरचा होता. आमचा भिंतीतला होता.

आमचे प्रकरण मिटवताना मी एक गोष्ट आधीच ठरवली होती की, कोणाही ओळखीच्या वायरमनला बोलावून परस्पर वायरी बदलून घ्यायच्या नाहीत. मीटरला सील असते, आणि उद्या ते सैल दिसले तर खुलासा आपल्याला करावा लागतो. म्हणून दोन्ही घरांच्या सह्यांचा एक अर्ज, दोन्ही बिलांच्या प्रती आणि इस्त्रीच्या प्रयोगाची माझी टिपणे घेऊन आम्ही उपविभागाच्या कार्यालयात गेलो. तेथील अभियंत्यांनी टिपणे वाचली, दोनदा माझ्याकडे पाहिले आणि विचारले, "बाई, तुम्ही काय शिकवता?" चार दिवसांनी ते स्वतः आले. दोन्ही घरांचे मेन स्विच आलटून पालटून बंद करून त्यांनी खात्री केली, आणि मग परवानाधारक इलेक्ट्रिशियनने त्यांच्यासमोर मीटरखालच्या कटआऊटपासून पुढे जाणाऱ्या दोन्ही घरांच्या वायरींची अदलाबदल केली. सीलला हात लावावाच लागला नाही. काम वीस मिनिटांचे होते.

मग प्रश्न पैशांचा. मीटर आपापल्या जागी खरेच चालत होते, त्यामुळे दोन्ही बिलांची बेरीज कुठेच चुकलेली नव्हती. वीज कंपनीला तिचे पैसे पैनपै मिळाले होते. फक्त ते चुकीच्या खिशांतून गेले होते. साहजिकच हिशेब आम्ही दोन घरांनीच करायचा होता, आणि तो अगदी सोपा होता: दर महिन्याच्या दोन बिलांतला फरक. पण तो फरक एवढा मोठा का, हे वहिनींना समजावून सांगताना मला फळ्याची आठवण झाली. आमचा खरा वापर महिन्याला ९५ युनिटच्या आसपास, त्यांचा २३० च्या आसपास. युनिट अडीच पटीही नाहीत, पण त्यांवरचा वीज आकार जवळजवळ चौपट होता. पहिली १०० युनिट स्वस्त टप्प्यात मोडतात आणि १०१ पासून ३०० पर्यंतच्या टप्प्याचा दर तेव्हा पहिल्याच्या दुपटीहून अधिक होता. आमची सगळी ९५ युनिट पहिल्याच टप्प्यात संपत होती आणि त्यांची १३० दुसऱ्यात जात होती. शिवाय सुरक्षा ठेव वापराच्या सरासरीवरून ठरते, म्हणून कधी न वापरलेल्या एसीपायी आमची ठेवही वाढवून घेतलेली होती.

जुनी बिले दोघींकडेही सलग फक्त छत्तीस निघाली, म्हणून हिशेब तेवढ्याचाच केला. आमच्या जेवणाच्या टेबलावर दोन रांगांत बिले मांडली, वहिनी आकडे वाचत होत्या आणि मी वहीत लिहीत होते. विसाव्या बिलापर्यंत आल्यावर त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे ताई, मी तुम्हाला एसीची कंपनी चांगली म्हणून सांगत होते, तेव्हा..." पुढे दोघींनाही हसू आवरेना. यांनी निम्मी रक्कम पुरे म्हणून सांगितले, वहिनींच्या यजमानांनी, भाऊंनी, ऐकले नाही, आणि शेवटी दोन हप्त्यांत पूर्ण रक्कम आली. मी मात्र दोन वर्षांपूर्वी काढून टाकलेल्या फ्रिजची मनातल्या मनात माफी मागितली, कारण त्या बिचाऱ्याने काहीच केले नव्हते.

पुढच्या रविवारी सोसायटीतल्या सगळ्यांनी मिळून उरलेल्या दहा घरांची तपासणी केली. एकेका घराचा मेन स्विच बंद करायचा, खाली उभ्या असलेल्याने कोणता दिवा थांबला ते ओरडून सांगायचे. सगळे बरोबर निघाले, तेव्हा आमच्या दोघींकडे लोकांनी जरा निराशेनेच पाहिले. तळमजल्यावरच्या मुलाने ऑइलपेंटने प्रत्येक कटआऊटखाली फ्लॅट क्रमांक आणि मीटर क्रमांकाचे शेवटचे चार अंक रंगवले. त्याचा सात आणि एक एकसारखाच दिसतो, पण चालते.

राहिला वाडा. आजोबांच्या नावावरची जोडणी चुलतभावाच्या नावावर करून घ्यायची, तर बाकीच्या वारसांची संमती लागते, आणि आमच्याकडे असे चार जण आहेत. अर्ज भरून तयार आहे, २००६ च्या बिलाची आणि चालू बिलाची प्रत मी त्याला जोडली आहे. तीन सह्या झाल्या आहेत. चौथी बडोद्याहून टपालाने यायची आहे, आणि तोपर्यंत आजोबांचे जुलैचे बिल मी कालच भरले.